किट परत पॉझिटिव्ह आलं म्हणून लगेच परत डॉक्सी? आधी रक्ताचा स्मिअर बघा

ताई, तुमचा प्रश्न सगळा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत सांगतो. सुदामानगरला राहता, चार वर्षांचा लॅब्रेडॉर आहे ब्रूनो, दिवाळीच्या सुमारास ताप आला, नाकातून रक्त आलं, रक्ताच्या किटवर एर्लिकिया हा गोचिडीतून येणारा जंतू पॉझिटिव्ह निघाला, २१ दिवस डॉक्सीसायक्लिन, म्हणजे डॉक्सी हे अँटिबायोटिक दिलं आणि तो पहिल्यासारखा पळायला लागला. आता एप्रिलात परत सुस्त झालाय, जेवण अर्ध्यावर आलंय, प्लेटलेट ९५ हजार, किट परत पॉझिटिव्ह, आणि परत डॉक्सी व सोबत इमिडोकार्ब या परजीवीवरच्या औषधाची दोन इंजेक्शनं सांगितलीयेत. तुम्ही विचारताय की जंतू औषधाला दाद देत नाहीये का, आणि जगभर एवढा रिसर्च होतो तर याची लस का नाही.

मी इंदूरात बरीच वर्षं कुत्र्यांचीच प्रॅक्टिस करतोय आणि पावसाळा संपला की माझ्याकडे येणाऱ्या तापाच्या कुत्र्यांत गोचीड तापाचेच जास्त असतात, त्यामुळे जरा मोठं उत्तर देतो, घाई करू नका वाचायची.

पहिलं किटचं. एर्लिकियासाठी ते किट जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधतं. इलाज बरोबर झाला तरी त्या अँटिबॉडी उतरायला सहा ते नऊ महिने सहज लागतात आणि काही कुत्र्यांत तर वर्षानुवर्षं राहतात, म्हणजे दिवाळीत आजारी पडलेल्या ब्रूनोचं किट एप्रिलात पॉझिटिव्ह येणारच होतं, तो ठणठणीत असता तरी आलं असतं. त्यावरून डॉक्सी फेल गेली असं म्हणता येत नाही आणि नव्याने लागण झाली असंही म्हणता येत नाही. उलटही होतं, लागण नवीन असेल तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत अँटिबॉडी तयारच नसतात, कुत्रा तापाने फणफणलेला असतो आणि किट निगेटिव्ह. आणि आपल्याकडे जास्त चालणारं जे चार आजारांचं किट आहे त्यात हार्टवर्म, लाइम, एर्लिकिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा एवढंच दिसतं, बबेसिया नाही आणि हेपॅटोझून पण नाही. म्हणजे गोचिडीने दिलेले दोन मोठे आजार त्या किटला दिसतच नाहीत.

आता मुख्य गोष्ट. आपण सगळे, डॉक्टरसुद्धा, सरसकट टिक फिवर, म्हणजे गोचीड ताप, म्हणतो, पण तो एक आजार नाहीये. एर्लिकिया कॅनिस हा बॅक्टेरिया आहे, पांढऱ्या पेशींमध्ये, त्यातही मोनोसाइटमध्ये राहतो. अ‍ॅनाप्लाझ्मा प्लॅटिस पण बॅक्टेरियाच, पण तो थेट प्लेटलेटमध्ये घुसतो आणि प्लेटलेट दर एक-दोन आठवड्यांनी खाली-वर होत राहतात. बबेसिया बॅक्टेरिया नाही, तो मलेरियासारखा लाल पेशींत राहणारा परजीवी आहे, आणि त्यातही मोठा बबेसिया व्होजेली वेगळा आणि छोटा बबेसिया गिब्सोनी वेगळा. हेपॅटोझून कॅनिस अजून वेगळा, तो गोचीड चावल्याने होतच नाही, कुत्र्याने अंग चावताना गोचीड गिळली की होतो. या सगळ्यांवर एकच औषध चालत नाही, एकाचं दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. कोणता आहे ते न बघता इलाज चालू केला तर तो निव्वळ अंदाज असतो, लागला तर लागला.

आणि हे काही परदेशातलं ज्ञान नाही बरं का. हेपॅटोझून कॅनिसची पहिली नोंदच भारतातली, १९०५ ची, जेम्स नावाच्या डॉक्टरने कुत्र्यांच्या पांढऱ्या पेशींत तो बघितला. बबेसिया गिब्सोनी १९१० मध्ये पॅटनने मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत शोधला, नंतर कोल्ह्यांतही सापडला. एर्लिकिया कॅनिस मात्र १९३५ मध्ये अल्जेरियात सापडला. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ यातले दोन जंतू आपल्या कुत्र्यांत आहेत हे माहीत आहे, फक्त आपण स्लाइड, म्हणजे काचेवर पातळ पसरलेल्या रक्ताचा स्मिअर, बघायची सवय सोडली.

स्लाइडचं सांगतो कारण ते कुठेही होतं आणि स्वस्त आहे. ब्रूनोला बसवून कानाच्या टोकाच्या कडेला थोडे केस काढायचे, स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायचं, बारीक सुईने टोचायचं आणि आलेला थेंब लगेच काचेवर ओढायचा. पायाच्या नसेतून घेतलेल्या रक्तापेक्षा कानाच्या टोकाच्या रक्तात बबेसिया सापडायची शक्यता जास्त, कारण त्या लाल पेशी बारीक नळ्यांत अडकून साचतात. थेंब मोठा झाला तर स्मिअर जाड होतो आणि मग काहीच दिसत नाही, शेवटचा पातळ पिसाऱ्यासारखा भाग नीट आला पाहिजे, सगळं शोधायचं ते तिथेच. मग जिम्सा स्टेन हा रंग लावायचा, आणि ऑइल लावून शंभरच्या लेन्सखाली किमान पंधरा-वीस मिनिटं बसायचं. मोठा बबेसिया असेल तर एका लाल पेशीत नासपतीच्या आकाराचे दोन तुकडे टोकाला टोक लावून दिसतात, गिब्सोनी असेल तर एवढासा गोल ठिपका, स्टेनचा कचरा समजून कोणीही सोडून देईल असा. हेपॅटोझून सगळ्यात सोपा, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या पोटात मोठा लांबट फिकट निळा तुकडा, एकदा बघितला की विसरत नाही.

एर्लिकिया मात्र स्मिअरवर फार कमी सापडतो, ताज्या आजारातसुद्धा शंभरात चार-पाच कुत्र्यांतच मोनोसाइटमधला तो जांभळा पुंजका दिसतो, ट्यूब फिरवून वरच्या पांढऱ्या थराचा स्मिअर केला तर शक्यता थोडी वाढते. म्हणून स्मिअर निगेटिव्ह म्हणजे एर्लिकिया नाही असं कधीच म्हणायचं नाही, त्यासाठी पीसीआर लागतो. पीसीआर जंतूचा डीएनए शोधतो, म्हणजे जंतू आत्ता अंगात आहे का या तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतं. सॅम्पल औषध चालू करायच्या आधी काढलं पाहिजे हे मात्र लक्षात ठेवा, डॉक्सीचे चार डोस पोटात गेल्यावर पाठवलेला पीसीआर निगेटिव्ह आला तर त्याचा काय अर्थ लावणार.

प्लेटलेट ९५ हजारचं पण एक सांगतो. कुत्र्याचे नॉर्मल साधारण दोन लाखांच्या पुढे असतात, तर ९५ हजार कमी आहेतच, पण ते मशीन कोणतं होतं? माणसांच्या लॅबमध्ये सॅम्पल दिलं असेल तर मशीन कुत्र्याच्या पेशींसाठी सेट केलेलं नसतं, आणि रक्त काढताना वेळ लागला तर प्लेटलेट एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, मशीन त्यांना मोजत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. त्याच स्मिअरवर गठ्ठे आहेत का ते बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. आपोआप रक्त वाहण्याची भीती साधारण ३० हजारांच्या खाली गेल्यावर असते, त्यामुळे आज रात्रीच काही होईल म्हणून घाबरू नका.

आता औषधं. एर्लिकियावर डॉक्सी हेच औषध आहे आणि कुत्र्यांतल्या एर्लिकियाने डॉक्सीला पक्का रेझिस्टन्स दाखवलाय असं आजवर समोर आलेलं नाही, तेव्हा ती भीती डोक्यातून काढून टाका. अमेरिकेतल्या व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिनवाल्यांनी २००२ मध्ये एकत्र बसून जे ठरवलं ते म्हणजे किलोला १० मिलिग्रॅम रोज, २८ दिवस. आपल्याकडे सात दिवस, दहा दिवस, चौदा दिवस असं काहीही चालतं, ताप दोन दिवसांत उतरतो आणि मग घरचेच बंद करतात. तुमचे २१ दिवस त्या मानाने बरे, पण २८ च करायला हवे होते. २००७ मध्ये एक फार महत्त्वाचा प्रयोग छापून आला, डॉक्सी दिलेल्या कुत्र्यांवर स्वच्छ गोचिडींची पिल्लं सोडली, त्यांनी रक्त पिलं आणि त्यांच्यात एर्लिकिया सापडला. म्हणजे कुत्रा बरा दिसतो, तरी काहींच्या अंगात कुठेतरी, बहुतेक प्लीहेत किंवा बोनमॅरोत (हाडातल्या मगजात), थोडा जंतू उरतो आणि गोचीड तो उचलू शकते. यासाठीच मी इलाजानंतर फक्त तब्येत बघत नाही, प्लेटलेट आणि ग्लोब्युलिन हे रक्तातलं प्रोटीन परत नॉर्मलला आले का ते बघतो.

इमिडोकार्बचं मला स्पष्ट बोलायचंय. आपल्याकडे टिक फिवर म्हटलं की डॉक्सीसोबत इमिडोकार्ब ही जोडी ठरलेलीच झालीये. ते मोठ्या बबेसियावर उत्तम काम करतं, हेपॅटोझूनवर पण तेच वापरतात, पण एर्लिकियावर ते चालत नाही. २००६ मध्ये मुद्दाम एर्लिकियाची लागण केलेल्या कुत्र्यांना इमिडोकार्ब देऊन बघितलं आणि जंतू गेला नाही. छोट्या गिब्सोनीलाही ते अंगातून काढू शकत नाही. आणि इंजेक्शन साधं नाहीये, लाळ गळते, उलटी होते, जागा दुखते, आधी अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं. तर ब्रूनोच्या रक्तात बबेसिया किंवा हेपॅटोझून दिसला तर जरूर घ्या, नाही दिसला तर कशासाठी घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा, विचारण्यात गैर काही नाही, चांगला डॉक्टर सांगेल. तसंच एन्रोफ्लॉक्सॅसिन, ते एर्लिकियावर उपयोगाचं नाही, त्या जंतूत त्या औषधाचा रेझिस्टन्स मुळातच असतो.

गिब्सोनी निघाला तर गोष्ट वेगळी होते. त्याच्यासाठी २००४ पासून जे मानलं जातं ते अ‍ॅटोव्हाकोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन एकत्र, दहा दिवस. अ‍ॅटोव्हाकोन पोटात शोषलं जावं म्हणून तेल-तूप असलेल्या खाण्याबरोबर द्यायचं, महाग आहे, आणि परजीवीच्या एका जीनमध्ये बदल झाला की त्याला दाद देत नाही हेही नोंदलंय, जपानमध्ये यावर बरंच काम झालंय. इलाज संपल्यावर ६० आणि ९० दिवसांनी पीसीआर करून दोन्ही निगेटिव्ह आले तरच मोकळं म्हणायचं. गिब्सोनी कुत्र्यांच्या भांडणात चाव्यातूनही पसरतो आणि रक्त चढवताना पण, तेव्हा रक्तदान करणाऱ्या कुत्र्याची तपासणी केल्याशिवाय कोणाचंही रक्त कोणाला चढवू नका. दोस्ताचा हट्टाकट्टा जर्मन शेफर्ड आहे म्हणून त्याचं रक्त सुरक्षित असं नसतं.

हट्टाकट्टा दिसणारा कुत्रा आतून आजारी असतो हे पटत नाही लोकांना, म्हणून एक पाहणी सांगतो. मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख इथल्या ५२५ भटक्या कुत्र्यांचं रक्त पीसीआरने तपासलं होतं, २०११ मध्ये छापून आलं. साधारण ३० टक्क्यांत हेपॅटोझून, २० टक्क्यांच्या आसपास एर्लिकिया, आणि बऱ्याच जणांत एकापेक्षा जास्त जंतू. यातले कितीतरी कुत्रे गल्लीत आरामात फिरत होते. एर्लिकियाचं असंच असतं, पहिले दोन-चार आठवडे ताप, मग कुत्रा स्वतःच बरा झाल्यासारखा वाटतो आणि जंतू महिनोन्‌महिने गप्प बसतो. काहींत तो कायम गप्प राहतो, काहींत तो बोनमॅरो सुकवतो, आणि मग लाल, पांढऱ्या, प्लेटलेट तिन्ही खाली जातात. त्या टप्प्यावर आलेला कुत्रा वाचवणं फार कठीण, मी खूप प्रयत्न करतो आणि तरी जातात. व्हिएतनाम युद्धात १९६८ नंतर अमेरिकन सैन्याचे दोन-तीनशे कुत्रे याच आजारात गेले, त्यात जर्मन शेफर्ड जास्त होते, आणि एर्लिकियावरचा खरा मोठा रिसर्च त्या नुकसानीनंतर सुरू झाला. शेफर्डमध्ये हा आजार जास्त जोरात येतो हे प्रयोगांतूनही दिसलंय. लॅब्रेडॉरचं तेवढं नाही, ब्रूनोच्या बाबतीत ही जमेची बाजू.

मग परत आजार आला कसा? जुना उरलेला असू शकतो, पण मला जास्त शंका तुमच्या घराची आहे. ब्राउन डॉग टिक ही गोचीड आयुष्याचा फार थोडा काळ कुत्र्यावर असते. रक्त पिऊन टरारली की मादी खाली उतरते, भिंतीवर वर चढते आणि फटीत जाऊन चार-पाच हजार अंडी घालते. दाराची चौकट, स्विचबोर्डची मागची बाजू, सोफ्याची शिवण, कूलरचं स्टँड, पार्किंगमधल्या भिंतीचे पोपडे. टॉर्च घेऊन रात्री चौकटीचा वरचा कोपरा बघा, तिळाएवढे तपकिरी दाणे हलताना दिसतील. अंड्यातून निघालेलं पिल्लू स्वतः एर्लिकिया घेऊन जन्मत नाही, आईकडून अंड्यात हा जंतू जात नाही, त्याने आजारी कुत्र्याचं रक्त प्यावं लागतं आणि मग पुढच्या अवस्थेत ते दुसऱ्याला देतं. म्हणजे घरातला जुना आजारी कुत्राच घरातल्या गोचिडींना जंतू पुरवतो आणि त्या गोचिडी परत त्यालाच देतात. एकदा एर्लिकिया होऊन गेला म्हणून परत होत नाही असं नाहीये, परत होतो.

यातला वेळेचा हिशोब कळला की औषध निवडणं सोपं जातं. २०१३ च्या एका प्रयोगात दिसलं की गोचीड चिकटल्यापासून तीन तासांत एर्लिकिया कुत्र्याला देऊ शकते. बबेसियाला त्या मानाने एक-दोन दिवस लागतात. आता फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर या चघळायच्या गोळ्या फार चांगल्या आहेत, पण त्यात गोचिडीने आधी चावावं लागतं आणि मग काही तासांनी ती मरते. बबेसियासाठी ते पुरतं, एर्लिकियासाठी प्रत्येक वेळी नाही. म्हणून ज्या घरात गोचिडी आहेत तिथे मी गोळीसोबत चावूच न देणारं काहीतरी सांगतो, फ्लुमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनचा पट्टा. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिनचे थेंब बिलकुल आणू नका, मांजर मरतं. कुत्र्याला आधी फिट्स येत असतील तर या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याबद्दल सावध केलं होतं. गुरांचं गोचीडनाशक ब्यूटॉक्स अंदाजाने बादलीत घालून आंघोळ, आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन, गोचिडीवर रॉकेल, हे सगळं बंद. कोलीसारख्या जातींना आयव्हरमेक्टिन जिवावर बेतू शकतं. आणि फटींमध्ये फवारणी एकदा करून भागत नाही, अंडी वाचतात, दोन-तीन आठवड्यांनी परत आणि मग अजून एकदा, कुत्रा आणि मुलं बाहेर ठेवून, सगळं वाळल्यावरच आत घ्यायची.

गोचिडीबद्दल रिसर्चमध्ये गेल्या काही वर्षांत मोठी घडामोड झाली. आपण जिला जगभर एकच समजत होतो ती एक नाहीच. गरम देशांतली वेगळी आणि थंड भागातली वेगळी, आणि एर्लिकिया नीट पसरवते ती गरम देशांतलीच. २०२१ मध्ये तिला रायपिसेफॅलस लिन्नाई हे जुनं नाव परत दिलं गेलं. ऑस्ट्रेलियात ही गोचीड होती पण एर्लिकिया नव्हता, २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात तो पहिल्यांदा तिथल्या कुत्र्यांत सापडला आणि मग झपाट्याने पसरला. अजून एक, २०२० च्या सुमारास अमेरिकेत प्रयोग झाला की तापमान ३८ अंशांच्या जवळ नेलं की ही गोचीड कुत्र्याऐवजी माणसाकडे जास्त वळते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ३८ तर रोजचंच. या गोचिडीमुळे माणसांना टिक टायफस हा ताप होऊ शकतो, तेव्हा बोटांनी चिरडू नका, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाका.

लसीचं उत्तर छोटं आहे. एर्लिकियाची लस बाजारात नाहीये. इस्राएलमध्ये कमजोर केलेल्या एका स्ट्रेनवर प्रयोग झाले आणि कुत्र्यांना चांगलं संरक्षण मिळालं असं २०१२ मध्ये छापलं, पण तिथून बाटलीत येईपर्यंत मोठा रस्ता आहे, कारण हा जंतू पेशीच्या आतच वाढतो, लपतो, आणि जागोजागी त्याचे प्रकार वेगळे. युरोपात मोठ्या बबेसिया कॅनिसची लस निघाली होती, ती लागण थांबवत नाही, आजाराचा जोर कमी करते, आणि आपल्याकडच्या गिब्सोनीला ती चालणार नाही. गुरांच्या गोचिडीविरुद्ध बीएम८६ नावाच्या प्रोटीनची लस नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि क्युबात आली, तसं काही कुत्र्याच्या गोचिडीविरुद्ध करता येईल का यावर काम चालू आहे. मला वैयक्तिक त्याच दिशेकडून जास्त आशा आहे, कारण गोचीडच अडवली तर पाचही जंतू एकदम अडतात.

ब्रूनोसाठी आत्ता हे करा. डॉक्सी चालू करायच्या आधी उद्या सकाळी ईडीटीए ट्यूबमध्ये (रक्त गोठू न देणारी) रक्त, त्यातून सीबीसी म्हणजे सगळ्या पेशींची मोजणी आणि एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा, बबेसिया, हेपॅटोझूनचा पीसीआर, कानाचा स्मिअर तिथल्या तिथे, शिवाय अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन. इथे सोय नसेल तर महूचं व्हेटरनरी कॉलेज आपल्यापासून तासाभराच्या आत आहे. पीसीआरला काही दिवस लागतील, तोवर थांबायचं नाही, सॅम्पल निघालं की डॉक्सी त्याच दिवशी चालू करायला माझी हरकत नाही, जेवणाबरोबर द्या, दुधाबरोबर नको. तीन-चार दिवसांत भूक आणि ताप सुधारला नाही तर सोबत दुसरा जंतू आहे असं समजून रिपोर्ट परत बघायचे. पपईच्या पानांचा रस मळमळणाऱ्या कुत्र्याच्या घशात ओतू नका, प्लेटलेट वाढतात त्या डॉक्सीमुळे. स्टेरॉइड कोणी सुचवलं तर आधी बबेसिया नाही ना हे पक्कं करून घ्या, लपलेला गिब्सोनी स्टेरॉइडने उफाळतो. हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी कॉफीच्या रंगाची झाली किंवा परत नाकातून रक्त आलं तर रिपोर्टची वाट न बघता थेट दवाखाना. रिपोर्ट आले की सीबीसीचा पूर्ण कागद आणि ग्लोब्युलिनचा आकडा मला पाठवा, आणि घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याचंही रक्त याच वेळी काढून घ्या.